बिनदाराची खोली

घराचं काम काढलं की माणसं रडकुंडीला येतात, कारण त्यांच्याकडे तक्ता नसतो, असं अंजलीचं ठाम मत होतं. तिच्याकडे तक्ता होता. गेल्या वर्षीच्या कॅलेंडरची पानं उलटी करून, एकाला एक चिकटवून तिनं तो केला होता आणि फ्रिजवर लावला होता. लाल स्केचपेननं कामं, हिरव्यानं तारखा आणि निळ्यानं पिंकीच्या झोपेच्या वेळा. पिंकी सात महिन्यांची. तक्त्यात निळा रंग सगळ्यात जास्त होता आणि प्रत्यक्षात झोप सगळ्यात कमी, पण तो दोष तक्त्याचा नव्हता.

"शाळेच्या ऑफिसात बसून मी तीस शिक्षकांचं वेळापत्रक बसवते. एका मिस्त्रीचं बसवायला काय लागतं?" असं ती नवऱ्याला म्हणाली होती.

धम्मपाल म्हणाला, "काहीच नाही." तो सिन्नरच्या कारखान्यात वेल्डर होता, खांद्यावर पिंकी होती आणि पहाटेचे पाच वाजले होते. त्या वेळी त्याला ताजमहाल बांधू या म्हटलं असतं तरी तो हेच म्हणाला असता.

बांधायची होती फक्त एक खोली. नाशिक रोडच्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरामागे कढीपत्त्याच्या झाडाशेजारी दहा बाय दहाची जागा होती, तिथं. आत संडास-बाथरूम. ही खोली अंजलीच्या आईसाठी होती. सुलाबाई सिन्नरच्या पुढच्या एका खेड्यात एकट्याच राहायच्या. अंजलीची रजा सोमवारी संपत होती, आणि पिंकीला पाळणाघरात सोडायला अंजलीचं मन धजत नव्हतं. सुलाबाई आल्या तर सगळं सुटणार होतं. पण सुलाबाई येत नव्हत्या.

"लेकीच्या घरी दोन दिस पाव्हणी म्हणून ऱ्हावं," त्या फोनवर म्हणायच्या. "तुमच्या हॉलात अंथरूण टाकून मी कुठं पडू? माणसाला आपलं दार लागतं. आतून कडी घालता आली पाहिजे."

म्हणून ही खोली. आणि कडी. तक्त्यात शेवटच्या चौकोनात लाल अक्षरात लिहिलं होतं: 'आईची कडी'.

आता तक्त्यातली खरी अक्कल. खोली बांधताना धूळ पिंकीच्या नाकातोंडात जाऊ नये म्हणून अंजलीनं ठरवलं, की स्वयंपाकघरातून खोलीत जायचं दार सगळ्यात शेवटी पाडायचं. तोवर मिस्त्रीनं मागच्या खिडकीच्या भोकातून जा-ये करायची. केरू मिस्त्री महिनाभर फळीवरून आत उतरत होता, फळीवरून बाहेर चढत होता. आणि सगळ्यांनी कुजबुजत बोलायचं, हा नियम. पहिल्या आठवड्यात केरू चुकून मोठ्यानं खोकला तेव्हा अंजलीनं त्याच्याकडे असं पाहिलं, की त्यानं तेव्हापासून शिंकसुद्धा टॉवेलात घेतली.

शनिवारी, म्हणजे शेवटच्या दिवशी, तक्त्यात होतं: अकरापर्यंत केरूचं काम संपणार. बारा वाजता धम्मपाल खिडकीला ग्रील वेल्ड करणार. शनिवारी त्याला सुट्टी. साडेबाराला पिंकी उठणार, धम्मपाल तिला शेजारी मंगलाबाईंकडे नेणार आणि केरू स्वयंपाकघरातून भिंत फोडणार. रविवारी आई.

पण पिंकीला दात येत होता. रात्रभर तिनं घर जागवलं आणि पावणेबाराला कुठे झोळीत डोळा लागला. अंजलीनं तक्त्यावरचा निळा चौकोन खोडून पुढे सरकवला आणि पुढच्या दाराला कागद चिकटवला: 'बाळ झोपले आहे. बेल वाजवू नये. मागून यावे.'

दहाच मिनिटांनी सुलाबाई आल्या. एक दिवस आधी, कारण शनिवारी गावातून थेट जीप मिळत होती. त्यांनी कागद वाचला. शहाण्या बाईसारख्या त्या मागून गेल्या.

मागे केरू हातपाय धूत होता.

"मिस्त्री, खोली दाखव," सुलाबाई म्हणाल्या.

"मावशी, हळू. बाळ झोपलंय," केरू कुजबुजला.

सुलाबाईंनीही मग आवाज उतरवला. नव्या खोलीत चपला घालून कसं जायचं, म्हणून चपला खिडकीखाली काढल्या. पिशवी मात्र घेतली, कारण पिशवी सोडून त्या कुठे जात नसत. गुडघ्यावर हात ठेवत, केरूच्या आधारानं, फळीवरून त्या आत उतरल्या. खोली पाहिली. भिंतीवर हात फिरवला. मग बाथरूममध्ये गेल्या आणि थांबल्या.

"मिस्त्री, उतार कुठंय?"

"हाय की. जाळीकडं हाय."

"कुठं हाय?"

केरूच्या वर्मावर घाव बसला. अठरा वर्षांत त्याच्या उताराला कुणी नाव ठेवलं नव्हतं. निदान त्याच्या तोंडावर नाही. त्यानं आवाज बाहेर जाऊ नये म्हणून बाथरूमचं दार ओढून घेतलं, बादलीतून मगभर पाणी घेतलं आणि कोपऱ्यात ओतलं. दोघं वाकून पाहू लागले. पाणी कोपऱ्यात बसलं. जावयासारखं बसलं, हलेना.

"जाईल," केरू म्हणाला. "दमानं जाईल."

नेमका त्याच वेळी घड्याळात बाराचा ठोका पडला आणि धम्मपाल ग्रील खांद्यावर घेऊन मागे आला. खोलीत डोकावला. कुणी नाही. खिडकीखाली चपला दिसल्या. मंगलाबाई पुन्हा विसरल्या वाटतं, असं म्हणून त्यानं त्या नीट चपलांच्या स्टँडवर ठेवल्या. फळी काढून भिंतीला टेकवली. काच डोळ्यांवर ओढली आणि कामाला लागला.

आत सुलाबाईंनी कान टवकारले. "चर्र वाजतंय. कुणीतरी भजी तळतंय."

"शेजारी असंल," केरू पाण्यावरची नजर न काढता म्हणाला.

धम्मपालनं आठ टाके मारायचे ते सोळा मारले. सासूबाईंची खोली, चोराची काय टाप! शेवटचा टाका पडला आणि लाईट गेली. मोबाईलवर मेसेज होता: दुरुस्तीसाठी संध्याकाळी पाचपर्यंत. धम्मपालनं काच वर केली, कौतुकानं ग्रीलकडे पाहिलं, आणि ग्रीलच्या आतून सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं.

"जावईबापू," सुलाबाई कुजबुजल्या, "आता आमी बाहेर कसं यायचं?"

धम्मपालनं ग्रील हलवून पाहिली. ती हलली असती तर तो वेल्डर म्हणून घेण्याच्या लायकीचा राहिला नसता.

अंजली धावत आली. म्हणजे चवड्यांवर धावत आली. पाहते तर गजांमागे आई, आईच्या मागे केरू, आणि खोलीला दार नाही.

"आई, तू उद्या येणार होतीस ना गं? तक्त्यात उद्या आहेस तू."

"तुझ्या तक्त्याला कोण इचारतंय? कागदावर लिवलं होतं मागून या, मी मागून आले."

"अहो, कापा ना ती," अंजली नवऱ्याला म्हणाली.

"लाईट नाही. ग्राइंडर कशावर चालवू?"

"मग भिंत फोडा."

"घण स्वयंपाकघरात हाय ताई," केरू आतून म्हणाला, "आन् मी हितं."

"मी फोडतो," धम्मपाल म्हणाला.

यावर सुलाबाईंनी गजांतून हात बाहेर काढून त्याचं मनगट धरलं. "लेकराची झोप मोडायची नाय. रातभर जागलंय ना ते? उठंल आपसूक. आमी बसतो. खोली काय वाईट नाय."

पिंकी रोज वीस मिनिटं झोपायची. पंचवीस झाली तर अंजली श्वास चालू आहे का ते बघून यायची. वीस मिनिटांचा काय प्रश्न, म्हणून सगळे थांबले.

एक वाजला. दीड वाजला. पिंकी झोळीत अशी झोपली होती, जणू सात महिन्यांची थकबाकी वसूल करत होती. अंजलीनं चहा केला. ग्लास गजांतून आत गेला, जेवणाचं ताट जाईना. मग पोळी गुंडाळून, भाकरी चार तुकडे करून आत गेली. पिठल्याची वाटी तिरकी करून घालावी लागली; त्यातलं निम्मं पिठलं नव्या खिडकीच्या पट्टीवर राहिलं. केरूनं ते बोटानं निपटून घेतलं आणि म्हणाला, "पट्टीला मातर उतार एक नंबर हाय, बघा मावशी."

तेवढ्यात कुंपणावरून मंगलाबाईंनी पाहिलं. लेकीनं आईला गजांआड ठेवून हातात भाकरीचे तुकडे दिलेले पाहिल्यावर कोणतीही शेजारीण जे करेल तेच त्यांनी केलं. पाच मिनिटांत गल्लीतल्या चार बायका कढीपत्त्याखाली जमल्या. खरी गोष्ट कळल्यावर त्यांनी तोंडाला पदर लावून हसून घेतलं, कुजबुजतच. कुणी लोणचं दिलं, कुणी द्राक्षं. सुलाबाई गजांमागून प्रत्येकीची विचारपूस करत होत्या. खुलल्या होत्या. अंजलीला वाटलं, जमलं.

आणि मग मंगलाबाई प्रेमानं म्हणाल्या, "बरं केलंत मावशी, लेकीकडे कायमच्या राहायला आलात ते."

सुलाबाईंचा चेहरा उतरला. हातातलं द्राक्ष त्यांनी परत घडावर ठेवलं.

"कायमची कोण आलंय?" त्या म्हणाल्या. "खोली बघाया आले होते. बघितली. अंजे, साडेचारची जीप हाय गावाकडची. मला त्याच्या आत काढा हितनं."

बायका पांगल्या. अंजली गजाला धरून उभी राहिली.

"आई, सोमवारी मी कामावर जाणारे. पिंकीला कोण बघणार?"

"मग मी काय करू? चार लोकांत कायमची म्हणतेत. तुझ्या बापाचं घर हाय माझं. त्याला कुलूप लावून लेकीच्या दारात बसू?"

"लेकीच्या दारात नाही. तुझं दार आहे हे."

"कुठंय दार?" सुलाबाई म्हणाल्या.

अंजलीकडे महिनाभर जागून केलेला तक्ता होता, त्यात सगळं होतं आणि खोलीला दार नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण रडायला आवाज लागतो, म्हणून तेही राहिलं.

तीन वाजले. पिंकी झोपलेलीच. जीपला दीड तास. धम्मपालनं घण उचलला. केरूनं आतून फोन लावला आणि कुजबुजत सूचना देऊ लागला: "खडूची खूण हाय त्याच्या मधात मारा. वरून नगं. हळू. हळू म्हंजे जोरात, पण हळू."

अंजली झोळीपाशी जाऊन पिंकीच्या कानांवर दोन्ही तळवे धरून बसली. पहिला घाव पडला. फ्रिज हादरला. तक्ता सुटून खाली पडला. पिंकीनं ओठ मुडपले आणि कूस बदलली. दुसरा, तिसरा, दहावा. विटा धडाधड कोसळत होत्या, धुळीचे लोट उठत होते, मंगलाबाईंचा कुत्रा भुंकत होता, आणि पिंकी झोपली होती. जिच्यासाठी महिनाभर एका धडधाकट माणसाची शिंक टॉवेलात गेली, ती!

भोक माणूस जाईल एवढं झालं. शेवटची वीट पडली, पंखा फिरायला लागला. लाईट दीड तास लवकर आली होती. धम्मपालनं घण खाली ठेवला. सगळं शांत झालं.

आणि त्या शांततेनं दचकून पिंकी उठली आणि तिनं गळा काढला.

भोकातून सुलाबाई बाहेर आल्या. भुवया पांढऱ्या, पदर पांढरा, काखेत पिशवी. कुणाकडे न बघता त्या सरळ झोळीपाशी गेल्या. पिंकीनं तो पांढराफटक अवतार पाहिला, रडणं अर्ध्यात थांबवलं, आणि हात पुढे करून त्यांच्या भुवईवरची धूळ बोटानं पुसली. सुलाबाईंनी तिला उचललं. पिशवी खाली ठेवली. अंजलीनं आज पहिल्यांदाच ती पिशवी त्यांच्या हाताबाहेर पाहिली.

सव्वाचार झाले. कुणी घड्याळाचं नाव काढेना.

"मावशी, जीप..." केरूनं तोंड उघडलं, तसं धम्मपालनं त्याच्या पायावर पाय दिला.

सुलाबाई पिंकीला थोपटत म्हणाल्या, "जीपला काय झालं, रोज हाय. पर मोरीतलं पाणी तसंच बसलंय. पोरीचे पैसे घालून असं काम? मिस्त्री, ते पाणी जाईस्तवर मी हलत नाय हितनं. माझ्यामागं तू थुका लावून जाशील."

"सोमवारी येतो, फरशी उचकटून दावतो," केरू तावातावानं म्हणाला.

अंजली त्याला गल्लीच्या तोंडापर्यंत पोचवायला गेली. "केरूभाऊ, सोमवारी येऊ नका."

"मंगळवारी?"

"मंगळवारीही नको. मी सांगेन तेव्हाच या."

केरूनं तिच्याकडे पाहिलं. मग त्याला कळलं, आणि तो हलक्या आवाजात म्हणाला, "ताई, उतार हाय बरं का. तुमच्यासाठी नाय म्हणतो."

याला आता दोन महिने झाले. खोलीला चौकट बसली, दार बसलं, आतून कडीही लागली. कडी अजून एकदाही कुणी घातलेली नाही, कारण पिंकी आता रांगते आणि दर पाच मिनिटांनी आजीकडे जाते. मे महिना आहे. कोपऱ्यातलं पाणी उन्हाळ्यानं दुपारपर्यंत आटतं, म्हणून अंजली रोज कामावर जाण्याआधी गुपचूप आत जाऊन तिथं मगभर पाणी ओतते. तिच्या नव्या तक्त्यात हे काम लिहिलेलं नाही.

परवा तिला उशीर झाला. पाण्यानं भरलेला मग घेऊन ती घाईनं बाथरूममध्ये शिरली, तर आत सुलाबाई. गुडघ्यावर एक हात ठेवून त्या कोपऱ्यात वाकल्या होत्या आणि दुसऱ्या हातातला मग नुकताच रिकामा झाला होता.

दोघी एकमेकींच्या मगाकडे बघत राहिल्या.

"झोपली का?" सुलाबाईंनी कुजबुजत विचारलं.

"झोपली," अंजली कुजबुजली, आणि आपल्या मगातलं पाणी तिनं बाहेर कढीपत्त्याला घातलं.