मनकर्णाबाईंच्या मागचा मिशीवाला

"शंभरात तुमचं किती?" मनकर्णाबाईंनी फोनवर विचारलं आणि पलीकडचा माणूस इतका वेळ आडवळणं घेत राहिला, की तेवढ्यात त्यांनी सूपभर मोहफुलं निवडून घेतली.

हा तिसरा ॲपवाला. पहिल्याचं खातं फुकट, पण वर्षाकाठी भाडं. दुसरा दर हप्त्याला हात मारणारा. तिसरा शेवटी म्हणाला, "आमचं काही नाही, आजी. फंडवाले घेतात, शंभराला वर्षाचे वीस पैसे."

"मंग तू जेवतं कशावर?"

"रोज शेअरची उलाढाल करणाऱ्यांवर."

"हा खरं बोलला," बाईंनी ठरवलं. "हाच पक्का."

अंगणवाडीतून निवृत्त होताना मिळालेला पैसा त्यांना इंडेक्स फंडात टाकायचा होता. बल्लारपूरला नर्स असलेल्या नातीने, मयुरीने, समजावलं होतं, की हा पन्नास मोठ्या कंपन्यांचा एकच टोपला. त्यातली कुठली चांगली ते निवडायला शहाणा माणूस लागत नाही, म्हणून स्वस्त. हे झोंबलं ते बाईंच्या बहिणीच्या मुलाला, गुणवंतरावाला. तो गावोगाव विमे आणि फंड विकायचा.

"मावशी, तोच फंड मी देतो न! माही सेवा एकदम फुकट."

"फुकट? मयुरी म्हनते, तुह्याकडून घेतला तं शंभराले रुपया जाते. तो काय वाघ खाते?"

"तो मले कंपनी देते."

"माह्याच टोपल्यातून न बे! मी वाकून वेचू, अन् तू नुसता वास घेतल्याचे पैसे घेशील? नाई देत, जाय!"

गुणवंतराव पेटला. "तुमच्याच्यानं केवायसी होनार नाई, लिहून देतो. नाई झालं तं माह्याकडून घ्यान?"

"घेईन. अन् झालं तं?"

"या घरात पुन्हा फंडाचं नाव काढनार नाई."

झालं, पैज लागली. आता केवायसी म्हणजे मोबाईलसमोर बसून आपण आपणच आहोत हे पटवून द्यायचं. पण गावात व्हिडिओ चालेल एवढं नेटवर्क कुठलं? ते फक्त बाईंच्या शेताच्या बांधावरच्या मचाणावर, मोहाच्या झाडाशेजारी. दिवस मोह वेचायचे, म्हणजे वाघाचेही. वाघ मागून झडप घालतो, म्हणून डोक्याच्या मागे बांधायला माणसाच्या तोंडाचे मुखवटे गावात वाटले होते. बाईंनी आपल्या मुखवट्याला काजळाची झुपकेदार मिशी काढली होती. त्यांच्या सासऱ्याची मिशी पाहून म्हणे एका वाघाने पानं खायला सुरुवात केली होती.

सकाळीच बाई मुखवटा बांधून मचाणावर चढल्या. खाली गुणवंतराव, पिशवीत आपला फॉर्म घेऊन तयार.

मोबाईलवर ॲपवाल्यांची प्रिया नावाची मुलगी आली. "नमस्कार आजी. आता मान डावीकडे करा... आजी, तुमच्या मागे कोण पुरुष बसलाय?"

"पुरुष नाई बाई, माह्या डोक्याची मागची बाजू हाय."

"दुसरा चेहरा चालत नाही. काढा तो."

"काऊन काढू? तुमच्या नियमावर वाघानं सही केली का?"

"आजी, मचाणावर वाघ कसा येईल?"

"बिबट येते न! मागच्या साली एक चढला, माह्या डब्यातलं लोनचं खाल्लं, वरून पानी मागतलं..."

फोन कटला. मोबाईलवर अक्षरं आली: दोन चेहरे आढळले. एकच संधी शिल्लक.

खाली गुणवंतराव पोट धरून हसत होता. "या खाली! करा सही!"

मनकर्णाबाईंनी मिशीवाल्याला हात लावून पाहिला. तो काढायचा, तर पाठ उघडी. नाही काढायचा, तर पैसा गुणवंताच्या घशात. मग त्यांनी नाक वर करून हवा हुंगली.

"गुणवंता, हसू नको. तुले वास नाई येऊन राह्यला?"

"क... कशाचा?"

"त्याचाच. ताजा हाय."

बाईंनी मुखवटा सोडायच्या आत तो झेलायला गुणवंतरावाचे दोन्ही हात वर आले होते.

"बांध. तू नाल्याकडे पाहा, मिशी जंगलाकडे पाहील. माही पाठ तुमच्या दोघांच्या हवाली. हलू नको."

तो हलला नाही. वर फोन पुन्हा लागला आणि प्रिया म्हणाली, "मान डावीकडे. उजवीकडे. छान. झालं, आजी!"

"मावशी, गेला का?" खालून बारीक आवाज.

"कोन?"

"वाघ!"

"आला कुठी होता? केवायसी मात्र झालं. आज तुही सेवा खरंच फुकट झाली."

गुणवंतरावाचं तोंड लाल झालं. पिशवी उचलून तो ताडताड निघाला.

"मुखवटा ठेवून जाय," बाई म्हणाल्या.

त्याने गावाकडच्या वाटेकडे पाहिलं. झुडपात काहीतरी सळसळलं. "गावापर्यंत राहू द्या न, मावशी."

"राहू दे. पन मी तुह्यासारखी लपवत नाई, भाडं आधीच सांगते. दोन टोपले मोह."

गुणवंतराव मुकाट झाडाखाली वाकला. तो वाकला तसा मागचा मिशीवाला थेट वर, मचाणाकडे पाहू लागला. मनकर्णाबाईंनी त्याच्याकडे बघून मान हलवली.

"पाहून घे रे भाऊ," त्या म्हणाल्या, "वेचनं असं असते."