नानांच्या गाडीचं मीटर

बोरसे नाना गाडीचा वेग कानाने मोजायचे. त्यांच्या अठरा वर्षं जुन्या गाडीचं मीटर कधीच मेलं होतं. वेगाचा काटा झोपलेला आणि किलोमीटरच्या छोट्या पडद्यावर अंधार. शेजारी बसणाऱ्याचा जीव खालीवर व्हायचा. "नाना, किती वेग असेल?" असं विचारलं की ते मान जरा तिरकी करून इंजिनाचा आवाज घेत आणि सांगत, "अठ्ठेचाळीस." सत्तेचाळीस नाही, पन्नास नाही. वर अहिराणीतलं ठरलेलं वाक्य, "मन्हा कान शे ना!" माझा कान आहे ना, मग मीटर कशाला?

आम्ही सुरतेच्या बमरोलीत भिंतीला भिंत लावून राहतो. मी लातूरकडचा शाळामास्तर, नाना अमळनेरकडचे. तीस वर्षं त्यांनी पॉवरलूमच्या कारखान्यात फिटरचं काम केलं. ऐंशी माग एकदम खडखडत असताना कोणता माग बिघडलाय ते दारातूनच सांगायचे म्हणे. निवृत्तीनंतर ही विद्या घरी आली. काकू शेंगदाणे भाजायला बसल्या की नाना बाहेरच्या खोलीतून ओरडत, "झाले, उतरव." कॉलनीतल्या पंख्यांची, मिक्सरची, पाण्याच्या मोटारींची तपासणी फुकट. न बोलावताही येत, एवढाच काय तो त्रास.

म्हणून यंदा ते अचानक मीटरच्या मागे लागले तेव्हा मला नवल वाटलं. त्यांची लेक वैशाली शहाद्याला. सातवा महिना संपत आलेला, पहिलं बाळंतपण, म्हणजे माहेरीच. जावई आणून सोडतो म्हणाला, तर नानांनी त्याला उडवून लावलं. "पहिल्या खेपेला लेकीला बापच आणतो," म्हणाले, आणि त्याच दमात जाहीर केलं, "पण मीटर चालू झाल्याबिगर गाडी हलणार नही."

"इतकी वर्षं हललीच ना?" काकू म्हणाल्या. नाना तोवर बॉनेट उघडायला गेलेही होते.

कतारगामच्या मेकॅनिकने गाडी पाहून सांगितलं, "काका, आखुं मीटर बदली नाखो." अख्खं मीटर बदलायचं, हे फिटर माणसाला कसं पटावं? नानांनी डॅशबोर्ड उघडला, मीटर काढून जेवणाच्या टेबलावर मांडलं आणि आठवडाभर काकूंना जमिनीवर जेवायला लावलं. शेवटी आतल्या पट्टीवर एका ठिकाणी सोल्डर सुटलेलं सापडलं. चष्म्यावर भिंग धरून त्यांनी ते जोडलं आणि पडद्यावर आकडे उजळले. नानांनी कॉलनीभर पेढे वाटले.

फक्त एक घोटाळा झाला. उत्साहाच्या भरात त्यांनी वेगाचा काटाही उपटून पुसला आणि अंदाजाने परत बसवला. तेव्हापासून गाडी दारात उभी राहून वीसच्या वेगाने धावू लागली. येणारा-जाणारा विचारी, "नाना, शहादं आलं का?" त्यात एकदा त्यांनी चालू गाडीला पुन्हा किल्ली मारली. कर्र असा आवाज आला आणि मी पोटभर हसलो. नानांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

काटा पुन्हा काढून शून्यावर बसवला, तेव्हा खात्री करायला आम्ही दोघं सकाळी कालव्याच्या रिकाम्या रस्त्यावर गेलो. मी मोबाईलवर वेग बघून आकडा सांगायचा, नानांनी तो काट्याशी ताडून बघायचा.

"चाळीस," मी म्हणालो. नाना समोर बघत राहिले.

"नाना, चाळीस." काहीच नाही. तिसऱ्या वेळी मी खांद्याला हात लावला तेव्हा ते दचकले आणि गाडी कडेला घेतली.

त्यांनी इंजिन बंद केलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "इंजिन ऐकू येत नही मास्तर, दोन वरीस झालं. मागांनी कान दिधा, मागांनीच लिधा. पोरगी मागे बसेल, तिच्या पोटात लेकरू. अंदाजाने कशी आणू?"

चालू गाडीला किल्ली मारली तेव्हा मी हसलो होतो, त्याची मला फार लाज वाटली. म्हणालो, "नाना, कानाला मशीन लावा."

"बोरसे फिटरच्या कानाला मशीन? लोक काय म्हणतील?"

"सोल्डर सुटलं होतं तेव्हा मीटर फेकून दिलंत का? जोडलंतच ना?"

नानांनी मीटरच्या काचेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "काटा बराबर शे का?"

"बरोबर आहे."

"मग चल दवाखान्यात."

कानाचं मशीन आधी आलं, मग वैशाली. शहाद्यापासून सुरतेपर्यंत काटा पन्नासच्या पुढे गेला नाही. मागच्या ट्रकवाल्यांनी हॉर्न वाजवून वाजवून डोकं उठवलं आणि नाना प्रत्येक हॉर्न ऐकून खुश होत होते. "बैलगाडीने लवकर आले असते," वैशाली उतरताना म्हणाली.

आता नात दोन महिन्यांची झाली आहे. काल संध्याकाळी मी त्यांच्याकडे बसलो होतो, तेव्हा ती आतल्या खोलीत रडायला लागली. "भूक लागली असेल," म्हणत वैशाली उठली. नानांनी हात वर करून तिला थांबवलं. मान तिरकी केली, कानावरचं मशीन बोटाने नीट बसवलं आणि डोळे मिटले.

"भूक नही," ते म्हणाले. "दुपटं ओलं शे."

काकूंनी जाऊन पाहिलं. ओलं होतं.