दार न्यायला माणसं आली

सुट्टीच्या दिवशी सकाळी नऊ वाजता दोन हमाल स्टोअरकीपरच्या घरी आले. एकाच्या हातात पेचकस होता, दुसऱ्याच्या हातात कंपनीचा छापील कागद.

"बाथरूमचं दार न्यायचंय," पहिला म्हणाला. "एक नग, कडीसकट."

"कुठल्या बाथरूमचं?"

"तुमच्याच की. पत्ता बघा."

पत्ता बरोबर होता. अडचण एवढीच की त्या दाराआड स्टोअरकीपरची आई आंघोळ करत होती.

"आई, लवकर आटप," तो फटीला तोंड लावून म्हणाला. "दार न्यायला माणसं आलीत."

आतला पाण्याचा आवाज थांबला. "कुठे न्यायला?"

"हॉस्पिटलला."

"का? काय झालंय त्याला?"

हमाल सभ्य होते. आई बाहेर येईपर्यंत ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मग दहा मिनिटांत दार उतरवून, सही घेऊन निघून गेले. बायकोने चौकटीला चादर लावली आणि ती नवऱ्याकडे वळली.

स्टोअरकीपरच्या कंपनीची तीन बांधकामं चालू होती: हॉस्पिटल, शाळा आणि हॉटेल. एकीकडे माल पडून राही आणि दुसरीकडे त्याच मालावाचून काम अडून राही. म्हणून नवं सॉफ्टवेअर आणलं होतं. प्रत्येक बांधकामाने आपल्याकडे काय आहे आणि काय लागतं ते भरायचं. जास्तीचं असेल ते सॉफ्टवेअर गरजूला देऊन टाकणार. शिकवणीच्या दिवशी सरावासाठी एक खोटं बांधकाम भरायला सांगितलं होतं. स्टोअरकीपरला खोटं काही सुचेना, म्हणून त्याने आपलं घर भरलं. दारं चार, नळ सहा, पंखे तीन. 'लागतं' या रकान्यात, मुळात समाधानी माणूस असल्यामुळे, खालपर्यंत शून्य घातलं. नंतर ते पुसायचं राहून गेलं.

"म्हणजे घरात आहे ते सगळंच जास्तीचं," बायको म्हणाली. "मी सात वर्षं कपाट मागतेय. तेही लागत नाही?"

उत्तर टाळायला त्याने नियोजन विभागातल्या बाईंना फोन लावला.

"दिलेला माल परत मागवता येत नाही," बाई म्हणाल्या. "नवीन मागणी टाकावी लागेल. निकड किती आहे?"

"घरात तीन माणसं आहेत आणि बाथरूमला चादर आहे."

"मग 'काम पूर्ण ठप्प' लिहिते."

ही ओळ आजवर कोणी वापरली नव्हती, कारण ती वापरली की साहेबांना खुलासा द्यावा लागे. एक बांधकाम पूर्ण ठप्प झालेलं पाहून सॉफ्टवेअरने बाकीच्या तिन्हींचा माल तिकडे वळवला. अकराच्या सुमारास गल्लीत तीन ट्रक शिरले. हॉस्पिटलकडून चौदा दारं आली, शाळेकडून साठ बेसिनं, हॉटेलकडून पाइपांची चळत. घरचं दारही परत आलं होतं, पण चौदा दारांच्या तळाशी. समोरच्या डॉक्टरांची गाडी अडकली. स्टोअरकीपर घामाघूम होऊन फोन फिरवत राहिला.

आईने खुर्ची बाहेर आणली आणि ट्रकांच्या मधोमध मांडली.

"तुमचं काय अडलंय?" तिने शाळेच्या ड्रायव्हरला विचारलं.

"दारं, आजी. दोन महिने झाले."

"दारं तर या ट्रकमध्ये आहेत. आणि तुमच्या बेसिनांची कोणाला गरज आहे?"

हॉटेलच्या ड्रायव्हरने हात वर केला.

"हॉस्पिटलला काय हवंय?"

"पाइप. ते नाहीत म्हणून दारं नुसती पडून आहेत."

"अरे, मग समोरासमोर उभे आहात तर एकमेकांशी बोलत का नाही?"

"आम्हाला बोलायची सोय नाही, आजी. सगळं सॉफ्टवेअरमधून होतं."

दुपारी तीनपर्यंत साठ बेसिनं, चौदा दारं आणि सगळे पाइप या ट्रकमधून त्या ट्रकमध्ये गेले. जरूर नसताना आईने दोनदा मोजायला लावले. घरचं दार हमालांनीच बसवलं. ते खाली घासत होतं, म्हणून तिने काढून पुन्हा बसवायला लावलं.

दुसऱ्या दिवशी नियोजनाच्या बाई स्वतः घरी आल्या. तिन्ही बांधकामांची टंचाई एका दुपारीत मिटली होती, आणि कंपनीत ते कोणालाच समजत नव्हतं. आईने समजावून सांगितलं. बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "आजी, रोज याल का?"

सॉफ्टवेअरमध्ये माणसं नोंदवायची सोय नव्हती, फक्त साहित्य. म्हणून बाईंनी नोंदवलं: आजी, एक नग, तिन्ही बांधकामांत सामाईक. दुसऱ्या दिवसापासून सकाळी आठला गाडी येऊ लागली. आई नवे बूट घालून, चष्मा पुसत, मागे न बघता निघून जायची.

पहिला आठवडा सुनेला घर निवांत वाटलं. दुसऱ्या आठवड्यात दूध तीनदा उतू गेलं, किल्ल्या हरवल्या आणि विजेच्या माणसाशी भांडायला घरात कोणी उरलं नाही. त्यात तिच्या आत्याचा येण्याचा निरोप आला. आत्या बोलायला लागली की तिला थोपवू शकेल असं माणूस नात्यात एकच होतं. सुनेने बाईंना फोन केला.

"येत्या सुट्टीला सासूबाई मला घरी हव्यात."

"सुट्टीला त्यांना हॉटेलने घेतलंय," बाई म्हणाल्या. "बदल्यात काही देता येईल का?"

सुनेने घरभर नजर फिरवली. नवरा तोंडावर वर्तमानपत्र घेऊन आडवा झाला होता.

"एक स्टोअरकीपर आहे," ती म्हणाली. "सुट्टीच्या दिवशी आमच्याकडे पडूनच असतो."