वत्सलाकाकूंची अँजिओप्लास्टी

छातीत कळ आली तेव्हा वत्सलाकाकूंना आधी राग आला. कुंपणावरून मला हाक मारून म्हणाल्या, "प्रमोद, हे काही बरोबर नाही. मी तळलेलं खात नाही, रोज फिराले जातो. समोरचे बिसेनजी सकाळ-संध्याकाळ कचोरी खाऊन राह्यले, अन् दुखते माह्या छातीत! काहून?"

तहसील कचेरीतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या या माझ्या शेजारणीचा सगळा कारभार रागावर चालतो. नळाला पाणी आलं नाही की राग, आलं की "आत्ता येते का?" म्हणून राग. आमच्या बालाघाट गावात त्यांनी न झापलेला दुकानदार शोधावा लागेल.

पण या वेळी कपाळावर घाम होता आणि कळ डाव्या हातात उतरत होती. इथल्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, गोळ्या दिल्या आणि तडक गोंदियाला पाठवलं. अँब्युलन्समध्ये काकू आडव्या व्हायला तयार नाहीत. "मी मेली का अजून?"

तिथल्या हॉस्पिटलात खिडकीवरच्या माणसाने विचारलं, "पेशंट के साथ कौन है?"

"मी आहो न पेशंटसोबत!" स्ट्रेचरवरून काकू गरजल्या. शेवटी सही मी केली. नात्याच्या रकान्यात लिहिलं, शेजारी.

डॉक्टर तरुण होता. "घाबरू नका. मनगटातून बारीक नळी सरकवत हृदयापर्यंत नेऊ आणि बंद झालेली रक्तवाहिनी साफ करू. भूल मनगटापुरतीच."

"साफ म्हंजे? कचरा बाहेर काढता?"

"नाही, बाहेर नाही काढत. अडथळ्याच्या जागी छोटा फुगा फुगवतो. साचलेली चरबी भिंतीला दाबली जाते. तिथे जाळी बसवून फुगा काढून घेतो, म्हणजे रक्ताला वाट मिळते."

"म्हंजे कचरा घरातच! पलंगाखाली सारता अन् झाडलं म्हणता?"

डॉक्टर हसला. "म्हणूनच नंतर गोळ्या घ्यायच्या. मनाने बंद केल्या तर जाळीत रक्ताची गाठ होऊ शकते."

"मंग असं सरळ सांगा न! मले काय लहान पोरगी समजता? चला, करा लवकर."

मी बाहेर बाकावर बसून राहिलो. काकू वॉर्डात आल्या त्या मनगटाकडे डोळे वटारूनच. "एवढा तमाशा अन् खूण पाहा, मुंगी चावल्यावानी! लोकायले काय दाखवू?" दुसऱ्या दिवशी जेवणाच्या ताटावरून स्वयंपाक्याला बोलावणं गेलं. अळणी वरणाबद्दल त्याने बरंच ऐकून घेतलं.

सुट्टी मिळाली तेव्हा भाड्याच्या गाडीने निघालो. वाटेतलं राजेगाव मागे पडलं तरी काकू गप्प. मी घाबरलो.

"काकू, दुखतंय का?"

"नाही." मनगटावरची खूण बघत म्हणाल्या, "त्या ऑपरेशनच्या खोलीत लय थंडी होती, प्रमोद. मी सगळं ऐकून राह्यली होती. तो फुगा फुगला न, तेव्हा छाती एकदम दाटली. तोंड बांधलेली एक नर्स बाजूले होती. तिनं माहा हात धरला. म्हणे, 'मैं यहीं हूँ.' शेवटपर्यंत सोडला नाही."

काकू खिडकीबाहेर धानाच्या शेतांकडे बघत होत्या. मग एकाएकी त्यांचा आवाज चढला.

"तोंड कायले बांधतात हे लोक? उद्या रस्त्यात भेटली तर मी तिले ओळखू कशी?"