महादेवीबाईसाहेबांनी स्वेटर उसवून टोपडे सर केले, त्याची हकीकत

श्रीसिद्धेश्वर साह्य असो. लातूर आणि नांदेड या उभय प्रांतींचे आप्त, इष्ट, व्याही, विहिणी आणि उलटा-सुलटा टाका जाणणारे समस्त सुज्ञ यांस विदित व्हावे. मोठमोठ्या लढायांचे वर्तमान लिहिणारे पुष्कळ जाहले; परंतु दोन सुया आणि लोकरीचे थोडके गुंडे एवढ्या सरंजामावर जी मोहीम जाहली, तिची याद कोणी ठेविली नाही, आणि ज्यांनी डोळ्यांनी पाहिली ते पंगतीत जेवून आपापल्या घरी गेले, म्हणोन ही हकीकत जैसी घडली तैसी लिहिली असे. वाढवून काही लिहिले नाही. जेथे वाढविल्यासारखे वाटेल तेथे गोष्ट मुळातच मोठी होती.

जळकोटकर महादेवीबाईसाहेब, शेषेराव गुरुजींचे कुटुंब, स्वभावे शांत, बोलणे मोजके, हात मात्र सदा चालता. घराण्यात कोठे पाळणा हलणार ऐसी खबर आली की बाईसाहेबांनी सुया उचलाव्या, टाके घालावे, पट्टी चढवावी, आणि मग नेमके कोणाचे लगीन निघावे, कोणाचे जावळ निघावे, पाहुण्यांच्या फौजा दारी याव्या, चहाचे आधण अष्टौप्रहर चुलीवर चढावे, आणि स्वेटर एका बाहीनिशी पिशवीत नजरकैद व्हावा. थोरले नातू शिवमराजे यांचे जन्मासमयी आरंभिलेला स्वेटर पुरा होईतो राजे शाळेत दाखल जाहले होते, सबब तो स्वेटर अखेर मिक्सरावर झाकणीच्या कामी तैनात जाहला.

गुरुजींच्या थोरल्या भगिनी, औसेकर लक्ष्मीबाई, या समस्त कार्यांच्या मुखत्यार. पत्रिका छापण्यापासून वाढप्यांना दटावण्यापर्यंत हुकूम त्यांचा. त्यांनी एका भर पंगतीत जाहीर केले की वैनीचे स्वेटर लेकराला नव्हे, लेकराच्या लेकराला व्हावयाचे. पंगत हसली. गुरुजीही हसले. महादेवीबाईसाहेबांनी भात वाढिला आणि त्याही थोड्या हसल्या, परंतु तो बोल काळजात जाऊन बसला, आणि पुढे लोकर हाती घेतली की तो आधी आठवावा, ऐसे जाहले.

ऐसे असता कन्या ऋतुजा, जी नांदेडनजीक विष्णुपुरी मुक्कामी असे आणि जिचे यजमान रामलिंगराव तेथील कॉलेजात शिकवीत, तिजला दिवस राहिल्याची खबर आली. बाईसाहेबांनी मनाशी मसलत केली की या खेपेस लेकरू जगात येण्याआधी स्वेटर पुरा करावयाचा, कोणास सांगावयाचे नाही, आणि पुरा जाहलियावर सर्वांदेखत मांडावयाचा. हळदीच्या रंगाची मऊ लोकर घेतली. नक्षी पानांची धरली, की जी चुकली असता मागे उसवत जावे लागते आणि माणूस देवाचे नाव घेतो.

परंतु ते साल मोठे धामधुमीचे. प्रथम गुरुजींचा निवृत्तीचा सत्कार निघाला. प्रमुख पाहुणे भाषणास उभे राहिले आणि बसण्याचे विसरले; ही संधी साधोन बाईसाहेबांनी पदराआड सुया चालविल्या, आणि पाहुणे आभाराप्रत आले तेव्हा स्वेटराची पाठ पुरी जाहली होती. मग पुतण्याचा साखरपुडा उदगिरास निघाला. तेथे वाजंत्री कानाशी बसल्याने टाके चुकले, पाने भलत्या दिशेस गेली, आणि ती सारी उसवून फिरोन चढविली. आणि मग चिरंजीव दयानंद यांनी लातुरास नवे घर बांधिले, त्याची वास्तुशांती वैशाखात धरिली, आणि लक्ष्मीबाईंची स्वारी आठवडाभर आधीच दाखल होऊन हुकूम सुटू लागले. बाईसाहेबांनी डाळ निवडता, पाहुण्यांच्या गाद्या घालता, गुरुजींचा चष्मा शोधता, मधल्या सापडेल त्या सवडीत दोन्ही बाह्या चढविल्या, शिवण घातली, बटणे लाविली. कार्याच्या आदल्या दिवशी स्वेटर पुरा जाहला. बाईसाहेबांनी तो मऊ धुवोन वाळविला, स्टीलच्या डब्यात ठेविला, आणि डब्यावर हात ठेवून घटकाभर नुसत्या बसल्या. पंगत उठल्यावर सर्वांच्या मध्ये हा उघडावा, ऐसा बेत ठरला.

वास्तुशांतीचे दिवशी होम पेटला, धुराने पाहुणे मंडळी डोळे पुसू लागली, आणि तशात रामलिंगरावांचा फोन आला.

"आई, रात्री लेकरू आलं. मुलगी हाय."

बाईसाहेबांस प्रथम उमजेना, कारण दिवस भरावयाचे होते.

"ऋतुजा?"

"ती बरी हाय. पण लेकरू लई लहान हाय. काचेच्या पेटीत ठेवलंय. ऋतुजानं आजून हातात घेतलं न्हाई."

मग रामलिंगरावांनी डॉक्टरीणबाईंचे फर्मान कळविले, ते येणेप्रमाणे: की लेकरू श्वास नीट घेते, भिण्याचे कारण नाही, आता त्यास रोज काही वेळ पेटीबाहेर काढोन आईच्या उघड्या छातीशी धरावयाचे, त्याने लेकरू वाढीस लागते, मात्र डोके नीट झाकलेले असावे, कारण इतके लहान लेकरू आपली ऊब आपण राखू शकत नाही. आणि अडचण ऐसी की बाजारात जी सर्वांत लहान टोपी मिळाली ती नाकाखाली उतरते, कापड बांधावे तर ते निसटते, आणि सिस्टर लेकरास पेटीबाहेर काढू देत नाहीत.

लक्ष्मीबाई कान देऊन होत्या. त्या कडाडल्या, "मे महिन्यात? नांदेडात? टोपडं? तिथं माणसं भाजून राहिली की!"

"आत्याबाई, तिला ऊन लागत न्हाई. तिला थंडीच वाजते," रामलिंगराव म्हणाले.

हे ऐकोन लक्ष्मीबाईंनी मऊ लोकर आणविण्याचा हुकूम सोडिला.

तत्काळ दयानंदांचे एक मित्र मऊ लोकरीच्या शोधास गंजगोलाईच्या बाजारात रवाना जाहले. सारी गोलाई फिरोन ते परतले, आणि हाती जे आणिले ती तोरणे करावयाची चकाकती लोकर, खरखरीत ऐसी की भांडी घासावी. ऐन वैशाखात लातुरास लोकर मागतो म्हणोन दुकानदार त्यांसच पाणी पाजून बसवू लागले, ऐसे त्यांनी सांगितले.

तेव्हा महादेवीबाईसाहेब उठल्या, आतल्या खोलीत गेल्या, आणि डबा उघडिला. लक्ष्मीबाई पाठोपाठ आल्या होत्या. त्यांनी स्वेटर पाहिला, हाती घेतला, उलटा केला, सुलटा केला, दोन्ही बाह्या ओढोन पाहिल्या.

"वैनी, हे तुम्ही केलं?"

"हाव, वन्सं."

"पुरं?"

"हाव. पुरं."

लक्ष्मीबाईंनी पानांवरून बोट फिरविले. इतक्यात बाईसाहेबांनी कात्री घेतली आणि खांद्याची शिवण उलगडली.

"वैनी! काय करून राहिलात?"

"उसवते. दुसरी मऊ लोकर हाय कुठं?"

"आवो, आधी दयानंदाला तरी दावा. शेषेरावाला दावा. एवढं केलं अन् कुणी पाहिलंबी न्हाई!"

बाईसाहेबांचा हात थबकला. बाहेर सारे गोत जमा होते, पंगतीत हसलेले सारे. हाक मारिली असती तर सारे आत येते, आणि वाहवा होती. क्षणभर तसे त्यांच्या मनात आले, हे लपविण्याचे कारण नाही.

मग त्या म्हणाल्या, "दावायला बसले की तासभर जातो. तिकडं ऋतुजा रिकाम्या हातानं बसली हाय."

आणि धागा ओढिला. जो किल्ला सत्कारात, साखरपुड्यात आणि डाळ निवडता निवडता चिरा चिरा रचून बांधिला, तो बांधणारीने स्वहस्ते पाडिला. पानांमागून पाने गेली. प्रथम समोरचा भाग पडला, मग पाठ पडली. लक्ष्मीबाई खाली बसल्या, दोन्ही हात पुढे धरिले, आणि उसवलेला धागा त्या हातांवर गुंडाळला जाऊ लागला.

"म्या पाहिलं हाय, वैनी," अखेर लक्ष्मीबाई म्हणाल्या. "कुणी न्हाई म्हणलं तर मला इचारा म्हणावं."

बाह्या तेवढ्या बाईसाहेबांनी उसविल्या नाहीत. त्या घडी घालून पिशवीत ठेविल्या, की एवढी तरी निशाणी राहो.

उसवलेला धागा वाकडातिकडा, त्याने टाके समान बसत नाहीत. सबब तो गरम पाण्यातून काढिला आणि नव्या घराच्या गच्चीवर पसरिला. लातूरचे ऊन, की ज्यास उन्हाळाभर लहानथोर शिव्या देतात, ते त्या दिवशी सख्ख्या भावासारखे कामास आले, आणि आचाऱ्याने बुंदी पाडिली न पाडिली तो लोकर सुकोन सरळ जाहली.

मग लक्ष्मीबाईंचे शेवटचे फर्मान सुटले: होमास यजमान आहेत, चुलीवर आचारी आहेत, पाहुण्यांस हात आहेत, त्यांनी वाढून घ्यावे, मुखत्यार नांदेडास जातात. चालू कार्यातून लक्ष्मीबाई उठून गेल्या, ऐसे औसे प्रांती पूर्वी कधी घडले नव्हते. गुरुजी पूर्णाहुतीपाशी बसले होते, ते नुसते पाहात राहिले.

जीपगाडीने कूच केले. बाईसाहेब मागे बसोन टाके घालू लागल्या. परंतु माप ठाऊक नाही! फोटोवरून अंदाज बसेना. पुन्हा रामलिंगरावांस पुसिले, त्यांनी घाबऱ्या घाबऱ्या कळविले की डोके मोसंबीएवढे.

लक्ष्मीबाईंनी फोन हिसकाविला. "कंची मोसंबी? लहान का मोठी? शिकवता कॉलेजात अन् नीट सांगता येईना? सिस्टरला द्या!"

सिस्टरबाईंनी सांगितले की गाड्यावरची सर्वांत मोठी मोसंबी घ्या, आणि तीहून थोडे मोठे धरा. अहमदपुरी गाडी थांबवून लक्ष्मीबाईंनी फळवाल्याचा सारा ढीग उपसिला. बाईसाहेबांनी अर्धे विणलेले टोपडे एका मोसंबीवर चढविले, उतरविले, दुसरीवर चढविले. फळवाला हातातला तराजू खाली ठेवून पाहू लागला.

"लेकराचं हाय," बाईसाहेब म्हणाल्या.

"मोसंबीला थंडी वाजती का, मावशी?" त्याने पुसिले, आणि मग सारी गोष्ट कळल्यावर एक मोसंबी निवडून दिली आणि पैसे घेईना.

पुढे रस्त्याचे काम चालू होते. गाडी आदळावी, टाका सुईवरून गळावा, बाईसाहेबांनी तो पकडावा. फिरोन गाडी आदळावी, फिरोन टाका गळावा. लक्ष्मीबाईंनी ड्रायव्हरास ऐसे काही सुनावले की तो लोह्यापर्यंत गाडी वरातीच्या घोड्यासारखी चालवीत गेला. बोटांचे सांधे दुखोन आले, तरी हात थांबला नाही, आणि नांदेडची वस्ती दिसू लागली तो माथ्याचे टाके घटवून, धागा ओढून, गाठ बसली होती.

दवाखान्यात सिस्टरबाईंनी टोपडे हाती घेतले, आत बोट फिरवून मऊ असल्याची खातरी केली आणि पेटीपाशी गेल्या. काचेपलीकडे महादेवीबाईसाहेब उभ्या राहिल्या. सारी मोहीम एकीकडे आणि तो क्षण एकीकडे. टोपडे चढले. कपाळावर थांबले. कान झाकले गेले. सैल नाही, आवळ नाही. मग ते लेकरू, ओंजळीत मावावे इतके लहान, उचलून ऋतुजेच्या छातीशी ठेविले गेले, आणि ऋतुजेने दोन्ही हात त्यावर ऐसे धरिले की जणू कोणी हिसकावून नेणार आहे. ती रडू लागली. रामलिंगराव भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

बाईसाहेब बाहेरच्या बाकावर येऊन बसल्या. शेजारी नांदेडच्याच सालेहाबी बसल्या होत्या, हाती एक विकतची निळी टोपी मुडपीत.

"बाई, ती पिवळी टोपी तुम्ही केली?" त्यांनी विचारिले. "आमच्या मनतशाचं लेकरूबी आत हाय. ही आणली, तर त्याच्या तोंडावरच येती. पोरगी काचेतूनच बघून राहिली."

महादेवीबाईसाहेबांनी पिशवीत हात घातला. दोन बाह्या हातास लागल्या, पानांची नक्षी असलेल्या, साऱ्या स्वेटराची उरलेली एवढीच साक्ष. लक्ष्मीबाईंनी वैनीच्या तोंडाकडे पाहिले. मग त्यांनी सालेहाबींचे दोन्ही हात धरोन पुढे केले.

"असे धरा. खाली सोडू नका, गुंता होतो."

आणि बाह्या पडल्या. दवाखान्याच्या त्या बाकावर, वाकड्या धाग्याची पर्वा न करिता, फिरोन टाके घातले गेले, आणि मोसंबीचे काम उरले नाही, कारण आता बाईसाहेबांच्या हातास माप कळले होते. सालेहाबी धागा सोडू लागल्या, लक्ष्मीबाई येणाऱ्याजाणाऱ्यास पाय सांभाळोन टाकण्याचा हुकूम देऊ लागल्या, आणि दिवेलागण जाहली तो दुसरे टोपडे सिद्ध होऊन आत गेले.

सबब नोंद ठेविली असे की, वैशाख मासी नांदेड मुक्कामी मोहीम फत्ते जाहली. खर्ची पडला तो स्वेटर एक, समूळ, पानांसकट. जखमी जाहले ते बाईसाहेबांच्या उजव्या हाताचे अंगठा व बोट. हाती लागली ती टोपडी दोन, आणि तत्क्षणी देऊनही टाकिली. फत्तेनंतर तिघी बायका काचेशी एकदम गर्दी करोन मोठ्याने बोलू लागल्या, तेव्हा सिस्टरबाईंनी त्यांस बाहेर काढिले. तिघींनी तो हुकूम मुकाट्याने मानिला. आत ऋतुजा आणि मनतशा शेजारशेजारच्या खुर्च्यांत डोळे मिटोन बसल्या होत्या, आणि दोघींच्या गळ्याखाली एकेक पिवळे डोके श्वासागणिक वर होत होते, खाली होत होते.