आधी बोट, मग चहा

आमच्या वरच्या मजल्यावरच्या सुमनकाकूंकडे चहा हवा असेल तर आधी बोट पुढे करावं लागतं. शुगर तपासायचं मशीन त्यांच्या हाताशीच असतं. "टोचल्याशिवाय कळणार कसं?" म्हणतात, आणि आपण "अहो, पण..." म्हणेपर्यंत रक्ताचा थेंब पट्टीवर गेलेला असतो. कुरिअरवाला त्यांचं पार्सल वॉचमनकडे ठेवून पळतो. सत्यनारायणाला आलेल्या गुरुजींनाही सोडलं नाही बाईंनी. "दोनशे दहा! गुरुजी, प्रसाद चिमूटभरच हं." निफाडहून भावाने द्राक्षं पाठवली, तर जिन्यात रांग लावून ज्याची शुगर बरी त्यालाच घोस. मला चार मणी मिळाले. अजून राग आहे माझा.

स्वतःची शुगर मात्र विचारायची नाही. "माझं मी बघते," की विषय संपला.

काका, म्हणजे त्यांचे यजमान, हल्ली सगळं विसरतात. काकू दोन मिनिटं दिसल्या नाहीत की त्यांना शोधायला घराबाहेर पडतात. एकदा थेट त्र्यंबक रोडला सापडले, नुसत्या बनियनवर.

एप्रिलच्या उकाड्यात एक दिवस बघते तर काकू गोधडी पांघरून कुडकुडतायत. खोदून खोदून विचारलं तेव्हा पुटपुटल्या, "लघवीला जळजळ होतेय गं, आठ दिवस झाले. कुणाला सांगू नकोस." अख्ख्या बिल्डिंगला टोचणारी बाई चक्क लाजत होती! काकांपाशी माझ्या नवऱ्याला बसवलं आणि काकूंना रिक्षात कोंबलं.

डॉक्टरीणबाईंनी आधी काकूंचंच बोट टोचलं. तीनशे! खोटं कशाला बोलू, मला जरा गंमतच वाटली.

"एवढी साखर वाढली की ती लघवीत उतरते," डॉक्टर म्हणाल्या. "जंतूंना आयतं जेवण. अंगाची लढायची ताकदही कमी होते. शिवाय जुन्या डायबेटिसात मूत्राशयाच्या नसा मंदावतात, ते पुरतं रिकामं होत नाही. साचलं की जंतू वाढणारच. पाणी पिता ना भरपूर?"

"पाणी प्यायलं की जावं लागतं."

"मग जायचं!"

"कशी जाऊ? मी आत गेले की हे दार उघडून बाहेर. हे दुपारी झोपले की जाते."

"काकू, हे किडनीपर्यंत गेलं तर ॲडमिट करावं लागेल."

काकूंचा चेहरा खर्रकन उतरला. "ॲडमिट? मग ह्यांच्याजवळ कोण?"

मला माझीच लाज वाटली. इतकी वर्षं फुकटचा चहा ढोसला, पण ह्या बाईला बाथरूमला जायची तरी उसंत मिळते का, हे कधी मनातसुद्धा आलं नाही.

आता औषधं चालू आहेत, पाण्याची बाटली उशाशी आहे. माझं शिवणकाम घरातच असतं, त्यामुळे दर दोन-तीन तासांनी मी वर जाऊन काकांशेजारी बसते. काकू आत जातात आणि आतून मोठमोठ्याने बोलत राहतात. भांडीवालीची दांडी, गवारीचा भाव, काय वाट्टेल ते. खालच्या मजल्यापर्यंत ऐकू येतं.

काल काका चप्पल शोधत उठले आणि मध्येच थबकले.

"आत कोण बोलतंय?"

"काकू."

"आहे ना ती?"

"आहे."

काका परत खुर्चीत बसले. "मग बोलू दे," म्हणाले.