सिलासचं तिसरं प्रकरण

एका जंगलात, बालमित्रांनो, नदीकाठी पाणमांजरांची वस्ती होती. वस्ती ख्रिस्ती होती. रविवारी सगळे अंगावरचं पाणी झटकून, मिशा नीट करून जांभळाखाली उपासनेला बसायचे. पाळक होते करकोचेसाहेब. काळा-पांढरा झगा त्यांना जन्मतःच मिळालेला होता.

या वस्तीत सिलास आणि त्याची बायको लीदिया राहत. त्यांना दोन मुली. थोरली नाओमी, धाकटी हन्ना.

दोघी बगळेसरांच्या शाळेत जायच्या. शाळा नावाजलेली होती. प्रवेशासाठी आईबापांची मुलाखत व्हायची. सर एका पायावर उभे राहून शिकवायचे, आणि पालक म्हणायचे, "काय ती एकाग्रता!"

एके दिवशी नाओमी घरी आली. लीदियाने एक मासा समोर ठेवला. कुणी प्रार्थनेला डोळे मिटायच्या आत नाओमीने तो गिळला. हन्ना रडायला लागली.

"अगं, बहिणीचा वाटा?" सिलासने विचारलं.

"सर म्हणतात, जो आधी गिळेल त्याचा मासा. उद्या यावर परीक्षा आहे पप्पा."

सिलासला फार वाईट वाटलं. त्याला त्या दिवशी जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने मुलींना शाळेतून काढलं.

"आता यांना आपण घरीच शिकवू," तो म्हणाला.

लीदिया म्हणाली, "चालेल की. आजपासून?"

"आजपासून कसं? आधी तत्त्वज्ञान हवं. ख्रिस्ती गृहशिक्षणाचं तत्त्वज्ञान. पाया नको का?"

आता एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. पाणमांजराच्या पिल्लाला जन्मतः पोहता येत नाही. ते शिकवावं लागतं. बगळेसर ते दुसऱ्या इयत्तेत शिकवायचे. म्हणजे नाओमी आणि हन्ना शाळेतून निघाल्या तेव्हा दोघींना पोहता येत नव्हतं. शेजारणी कुजबुजू लागल्या. "मुलींना बुडवणार हा बाबा."

सिलासच्या कानावर ते आलं. त्याने पळसाची मोठी मोठी पानं जमवली, नदीतल्या खडकावर बैठक मारली आणि लिहायला घेतलं. पहिलं प्रकरण होतं 'शिकणे म्हणजे काय'. दुसरं, 'म्हणजे म्हणजे काय'. पोहणं तिसऱ्या प्रकरणात येणार होतं.

दुसरं प्रकरण लिहिता लिहिता हिवाळा संपला.

करकोचेसाहेब भेटीला आले. "सिलासभाऊ, मुलींची प्रगती कशी आहे?"

"पाया भक्कम होतोय, पाळकसाहेब. फक्त पाण्याच्या बाबतीत एक अडचण आहे. देवाने पाणी आधी केलं आणि आपल्याला नंतर. मग पोहणं ही आज्ञा समजायची की देणगी?"

"खोल प्रश्न आहे," करकोचेसाहेब म्हणाले आणि उडून गेले. खोल प्रश्नात ते सहसा गुडघ्याच्या वर जात नसत.

घरी मात्र लीदियाला निराळीच काळजी होती. नदीपलीकडे सलोमीमावशी राहायची. मावशी म्हणजे म्हातारी कासवीण. तिला दिसत नव्हतं. लीदिया रोज तिला मासे नेऊन द्यायची. आता मुली दिवसभर घरी. त्यांना एकटं कुठे टाकायचं? म्हणून ती त्यांना बरोबर नेऊ लागली.

पहिल्या दिवशी हन्नाने काठावरच बसकण मारली. "आई, मला भीती वाटते."

"मलाही वाटायची," लीदिया म्हणाली. "माझ्या पाठीवर बस. पलीकडे मावशी उपाशी असेल."

चार दिवस हन्ना पाठीवर बसून गेली. पाचव्या दिवशी ती शेपटी धरून गेली. आठव्या दिवशी शेपटी सुटली, आणि हन्नाला ते पलीकडे पोचल्यावर कळलं. नाओमी तर दोन दिवस आधीच आईच्या बाजूने पोहू लागली होती.

मासे किती, त्यातले मावशीचे किती, वाटेत भेटणाऱ्या लंगड्या पाणकोंबडीला किती, हा हिशेब नाओमी करायची. पहिल्या आठवड्यात एखादा मासा वाटेत कमी व्हायचा. मावशी हाताने चाचपून म्हणायची, "आज एवढेच का गं? असू दे. तू तरी जेवलीस ना?" तसं दोन वेळा झालं. तिसऱ्या वेळी नाओमीने तो मासा तोंडातून बाहेर काढून ठेवला.

मावशीला सगळी स्तोत्रं पाठ होती. जेवण झालं की ती गायची. मुलीही गायला लागल्या.

हे सगळं सिलासला माहीत नव्हतं का? सांगायला लीदिया दोनदा खडकाजवळ गेली होती. दोन्ही वेळा त्याने हात वर केला होता. "थांब, एक विचार येतोय."

मग एका दुपारी वारा सुटला. पळसाची पानं उडाली. दुसरं प्रकरण उडालं, पहिलं उडालं. सिलासने त्यांच्या मागे सूर मारला. खाली माणसांनी टाकून दिलेलं एक फाटकं जाळं अडकलं होतं. त्यात त्याचे मागचे दोन्ही पाय गुंतले. तो वर यायचा, एक श्वास घ्यायचा, पुन्हा खाली ओढला जायचा.

मुली मावशीकडून परत येत होत्या. आई मागे राहिली होती, मावशीचं अंथरूण झटकत. नाओमीने ते बुडबुडे पाहिले.

"हन्ना, पप्पा!"

दोघींनी बुडी मारली. हन्नाने बापाचं डोकं पाण्यावर धरलं. नाओमीने दातांनी जाळं कुरतडलं. तिचे ओठ फाटले, तरी तिने सोडलं नाही. शेवटी तिघं काठावर आले.

सिलास खोकला. मग त्याने पहिला प्रश्न विचारला.

"तुम्हाला पोहता कसं येतं? तिसरं प्रकरण अजून व्हायचंय!"

तेवढ्यात लीदिया धावत आली. तिने त्याला आधी घट्ट धरलं, मग भरपूर बोलली. मग मुलींनी मावशीची सगळी हकिकत सांगितली. सिलास ऐकत होता. नाओमीच्या ओठांकडे पाहून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवशी घरात एकच मासा होता. नाओमीने त्याचे चार तुकडे केले आणि सगळ्यांनी डोळे मिटले.

दुसऱ्या दिवसापासून सिलासही मावशीकडे जाऊ लागला. आणि संध्याकाळी लिहू लागला. या वेळी लेखन भराभर झालं, कारण काय लिहायचं ते डोळ्यांसमोर घडत होतं. आठ दिवसांत ग्रंथ पुरा झाला.

ग्रंथ गाजला. वरच्या धरणापासून खाडीपर्यंत सिलासला व्याख्यानाची बोलावणी आली. बगळेसर स्वतः प्रस्तावना लिहायला तयार झाले. प्रत्येक सभेत कुणीतरी विचारायचंच, "सिलाससाहेब, ही पद्धत तुम्हाला सुचली कशी?"

"सखोल चिंतनातून," सिलास नम्रपणे सांगायचा. "एकदा तर मी चिंतनात अगदी बुडालो होतो."

पहिल्या रांगेत बसलेली लीदिया खो खो हसायची. लोकांना वाटायचं, बाई फार आनंदी स्वभावाच्या आहेत. ते खरंही होतं.

तात्पर्य: शिक्षणाचं तत्त्वज्ञान मुलं शिकून झाल्यावर लिहावं, म्हणजे ते चुकत नाही. आणि बालमित्रांनो, पप्पा पाया घालत बसले असतील तर त्यांना मुळीच हाक मारू नका. तेवढ्या वेळात शिकून घ्या.